नारायण नावाची चिठ्ठी

१९५८ साल. मी चोवीस वर्षांचा होतो, अकोल्यात कापसाच्या एका जिनात वायरमन होतो, आणि आपण कोणाच्या बापाला भीत नाही असं दिवसातून दोनदा तरी म्हणायचो. चालू तारेवर हात टाकणाऱ्या माणसाला तेवढा तोरा असतोच. त्या साली मला भीती शिकवली ती इंदूताईंनी. स्वतः भिऊन शिकवली. पाच आठवड्यांपूर्वी अमरावतीहून त्यांच्या मुलाचा फोन आला, "काका, आई गेली. झोपेतच गेली." मी म्हणालो, "बरं." फोन ठेवला आणि अंगणातल्या नळाची तोटी उघडून बसलो, ती बिघडलेली नव्हती तरी... मग पेपरात चार ओळी आल्या. निवृत्त शिक्षिका, मनमिळाऊ स्वभाव, मागे मुलगा, सून, मुलगी, नातवंडं. त्यांच्या आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. कसं असणार? ज्यांना माहीत होतं ते चार-पाच जण, त्यातला मी एकटा उरलो. म्हणून हे लिहितो. मी चौथी पास. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. मी म्हणालो, माझ्या हाताला काय झालं?

तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. नगरपालिकेच्या बागेत एक लाकडी खोली होती, तिच्यात मोठा रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर, आणि बागेतल्या खांबांवर चार भोंगे. सकाळ-संध्याकाळ बातम्या, भजनं, शेतकऱ्यांसाठी काहीबाही लागायचं. दुपारी रेडिओ केंद्रच बंद असायचं, तेव्हा भोंगे मुके. आम्ही काही हौशी पोरांनी रविवारी चार ते पाचची वेळ मागून घेतली. तबकड्या ज्याच्या त्याच्या घरून फडक्यात गुंडाळून आणायच्या, मशीन मी सांभाळायचं, आणि बोलायचं इंदूताईंच्या यजमानांनी. बागेच्या फाटकाला रॉकेलचा एक डबा फट पाडून टांगला होता, त्यात लोक फर्माईशीच्या चिठ्ठ्या टाकायचे. बाजाराला, कचेरीला आलेली खेड्यापाड्यातली माणसं चिठ्ठी टाकून जायची आणि रविवारी मुद्दाम ऐकायला यायची. गंमत अशी की गाण्याचं त्यांना फारसं नसायचं. "गानं कोनतंबी लावा, पन नाव नीट वाचजा," असं बजावून जायचे. भोंग्यातून आपलं नाव चार रस्त्यांना ऐकू जाणं, यासाठी एक म्हातारा हिवरखेडहून बस बदलत यायचा. नाव ऐकलं की टोपी काढायचा, परत घालायचा, आणि गाणं सुरू व्हायच्या आत निघून जायचा.

वर्षभराने ताईंच्या यजमानांना परतवाड्याला नोकरी लागली. ते महिन्यातून दोनदा घरी येत. जाताना मला म्हणाले, "नामदेव, कार्यक्रम बंद करू नका. तुमची वहिनी बोलेल. आजवर मी जे बोललो ते तिनेच लिहून दिलेलं आहे." मी वेड्यासारखा पाहत राहिलो. कारण त्यांचे वडील म्हणजे दादासाहेब वकील. कोर्टात त्यांचा दरारा, घरात त्याहून जास्त. घरातल्या बाईचा आवाज दिवाणखान्यापर्यंत येता कामा नये अशी त्या घराची शिस्त, आणि ही सून अकोल्याच्या चार रस्त्यांवर बोलणार! शिस्त मोडली तर काय होतं ते आम्हाला माहीत होतं. त्यांची थोरली सून शेजारणीबरोबर न विचारता सिनेमाला गेली होती. दुसऱ्या दिवशी ट्रंकेसकट माहेरी पाठवली. तीन वर्षं झाली होती, तिला परत आणायला कोणी गेलं नव्हतं. तिचा लहान मुलगा मात्र इकडेच ठेवून घेतला होता. ताईंनाही दोन वर्षांची मुलगी होती.

तरी त्या आल्या. बागेच्या मागच्या भिंतीला लागून महिला मंडळाची खोली होती, तिथे रविवारी शिवणवर्ग भरायचा. त्या खोलीचं मागचं दार बागेत उघडायचं. ताई शिवणाचं बोचकं घेऊन पुढच्या दाराने आत जायच्या आणि मागच्या दाराने आमच्या खोलीत यायच्या. माझी मोठी बहीण, तिला आम्ही बाय म्हणायचो, ती त्याच वर्गात होती. ती ताईंच्या वाट्याचं झबलं, परकर शिवून ठेवायची, म्हणजे घरी दाखवायला काहीतरी तयार. दादासाहेब एकदा ताईंना म्हणाले होते, "तुझा हात सुधारला हो!" हे सांगताना ताई हसल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या बहिणीचा होता ना!

मी खोलीला हिरवा पडदा लावला. पडद्याआड त्या बसायच्या, अलीकडे मी मशीन घेऊन. बोलायच्या आधी अख्खा तांब्याभर पाणी प्यायच्या. आवाज असा यायचा, की दुपारी सतरंजीवर आडवी झालेली माणसं उठून बसायची. गाण्याबद्दल दोनच वाक्यं बोलायच्या, पण ती ऐकल्यावर तेच जुनं गाणं नवं वाटायचं. आवाजात भीतीचा लवलेश नाही. सगळी भीती हातात. चिठ्ठ्या अशा थरथरायच्या की माईकमध्ये पाचोळ्यासारखी खसखस यायची. मग मी एका फळीला चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या आणि चिठ्ठ्या त्यांना टोचून ठेवायला लागलो, म्हणजे त्यांना हात लावायची गरज नाही. गावात बोलवा अशी, की अमरावतीहून कोणी मास्तरीण येते. आम्ही नाही म्हणायचो नाही.

असे चार महिने गेले. सोळा-सतरा रविवार. मग एक दिवस कार्यक्रम संपता संपता खोलीच्या दाराशी एक आडदांड माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर दुपट्टा, पायात करकरणाऱ्या वहाणा.

"तू हायेस का रेडिओवाला?"

"मी मशीनवाला."

"मंग मशीनवाल्या, म्या तुमचं काय घोडं मारलं? सा चिठ्ठ्या टाकल्या. बार्शीटाकळीचा नारायण तुळशीराम. मायासंगं आलेल्या किसन्याचं नाव वाचलं, त्याच्या सालदाराचं वाचलं, उद्या त्याच्या बकरीचंबी वाचसान. मायंच काऊन नाही?"

"शाई पसरली असन."

"साही वेळा पसरली? गावात पोट्टे इचारून राहिले मले, नाऱ्या, तू हायेस का मेलास?" आणि तो पडद्याकडे निघाला. "थे बाई कोन हाये? तिलेच इचारतो."

मी त्याच्या छातीला हात लावला. "मांगं व्हय. अंदर करंट खुला हाये." पडदा जागचा हलला नाही. पण पडद्याखाली मला ताईंची पावलं दिसत होती. ती त्यांनी खुर्चीवर वर ओढून घेतली... लहान मुलं खाली साप आहे म्हटल्यावर ओढतात तशी.

"पुढच्या रविवारी नाव नाही आलं तं वकील करतो मी," असं बजावून तो गेला.

संध्याकाळी मी टोपलीतल्या टाकून दिलेल्या चिठ्ठ्या शोधल्या. सहाही सापडल्या. शाई झकास होती. मी घरी येऊन बायला ही गंमत म्हणून सांगितली. ती भाकरी थापत होती.

"कोनतं नाव म्हनलास?"

"नारायण."

तिचा हात थांबला. "अरे येड्या, थे तिच्या सासऱ्याचं नाव असन! थे कशी घेईन?"

मला दादासाहेब वकील एवढंच माहीत. दारावरची पाटी इंग्रजीत होती. मी म्हणालो, "असन तं असन. कोनाले कयते?"

"मले कयलं न? तव्यावरची भाकर पलटाच्या आत कयलं. मंग अकोल्यातल्या बायांले नाही कयत का? त्या बी आयकतात. एका नावावर अडते म्हंजे थे कोन्या नारायणची सून हाये. आता कोन्या नारायणची सून रविवारी घराबाहेर जाते, एवढंच पाहाचं राहिलं."

चौथी पास झालेल्या मला जे चार महिने दिसलं नाही, ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने एका वाक्यात सांगितलं. पुढे आठ दिवस रस्त्याने बायका बोलत चाललेल्या दिसल्या की वाटायचं, हेच बोलून राहिल्या.

बुधवारी ताई मापाचं झंपर द्यायचं निमित्त करून बायकडे आल्या. म्हणाल्या, "नामदेवभाऊ, तो बार्शीटाकळीचा माणूस काल आमच्या घरातल्या कचेरीत आला होता. त्याचा शेताचा दावा सासऱ्यांकडेच आहे. म्हणाला, रेडिओवाल्यांना नोटीस द्या, माझं नाव वाचत नाहीत. मी चहा घेऊन दाराआड उभी... सासरे हसले नाहीत. त्यांनी दोनदा विचारलं, 'नक्की फक्त तुझंच नाव?' मग म्हणाले, 'रविवारी मी स्वतः येतो. ऐकतो. मग बघू.'"

मी म्हणालो, "मी फ्यूजच काढतो. भोंगे बंद."

"मग ते पुढच्या रविवारी येतील."

"तुमी येऊच नका."

"मी नाही आले आणि आवाजही नाही आला, तर त्यांना आणखी पक्कं कळेल. वकील आहेत ते."

"मंग घेऊन टाका नाव! वाचून टाका, बला टळली."

त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या, जणू मी त्यांना कोणाच्या अन्नात काही कालवायला सांगितलं होतं. "लग्नाला सहा वर्षं झाली. सत्यनारायणाला सुद्धा मी नुसती 'पूजा' म्हणते. आईने सांगितलंय, ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं. तुम्ही हसाल."

मी हसलो नाही. बाय पदराने डोळे पुसत होती. ताई उठताना एवढंच म्हणाल्या, "माझी बेबी रात्री माझ्या हाताला धरूनच झोपते हो..." आणि गेल्या.

रविवारी साडेतीनलाच दादासाहेब आले. काळा कोट नव्हता, पांढरं धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. भोंग्याच्या खांबाजवळच्या बाकावर बसले. शेजारी तो नारायण तुळशीराम, नवा सदरा घालून. चिठ्ठी त्याने डब्यात न टाकता माझ्या हातात दिली, आणि ती देताना दादासाहेब माझ्याकडे पाहत होते. मी ती फळीवर पहिल्याच चुकेला टोचली. ताई पाणी प्यायल्या नाहीत. तांब्या तसाच राहिला. मी मशीन सुरू केलं आणि बटणावर बोट ठेवून बसलो. माझं ठरलं होतं, त्यांना जमलं नाही तर तार ओढायची, मग मला जिनातून काढोत की आणखी काही करोत.

"नमस्कार," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा. "आजची पहिली फर्माईश आहे बार्शीटाकळीचे..." आणि थांबल्या. तेवढ्यात बागेत एक लहान पोर रडलं ते मला अजून ऐकू येतं. मी तारेला हात घातला. "...नारायण तुळशीराम यांची," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, कोणी न सांगता, "श्रीयुत नारायण तुळशीराम." आणि मी सुई टेकवली.

बागेत तो माणूस उभाच राहिला. "मायं! मायं नाव!" म्हणून ओरडला, आजूबाजूच्यांना हात जोडायला लागला, जसा लग्नात मुलीचा बाप जोडतो. दादासाहेब बसून होते. मग उठले. काठी टेकत थेट आमच्या खोलीकडे आले. मी दारात उभा राहिलो. भोंगा डोक्यावरच, गाणं इतकं मोठं की आपला श्वास आपल्याला ऐकू येणार नाही. पडद्याआडून ताईंना त्यांची काठी आणि वहाणा दिसत असणार. ऐकू काही येत नसणार.

ते माझ्या कानाशी वाकले. "कोण बोलतं हे?"

मी म्हणालो, "मायी बहीण, साहेब."

"तुझी बहीण." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा वाकले. "छान बोलते. तिला सांग, त्या नावापाशी थांबू नको. थांबलं की ऐकणाऱ्याला कळतं. आणि सांग, नाव घेतल्याने माणूस मरत नाही. म्हणावं, मी सांगितलंय." आणि वळून गेले. नारायण तुळशीराम त्यांच्या मागे, अजून कोणाकोणाला हात जोडत.

आज कोणीही म्हणेल, यात न समजण्यासारखं काय आहे? पण मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला तो आवाज आधीपासून माहीत होता. माझ्या बापाचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, दावा होता, तेव्हा समोरच्याचे वकील हेच दादासाहेब. उलटतपासणीत असेच मऊ बोलले. "बाबा, घाबरू नका. तुम्ही खरं तेच सांगा, तुम्हाला कोणी काही करत नाही." माझ्या बापाने विश्वासाने सांगितलं आणि त्याच सांगण्यावर धुरा गेला. बाप शेवटपर्यंत म्हणत होता, त्या माणसाच्या गोड बोलण्याने माझं शेत कापलं. म्हणून मी मनाशी पक्कं केलं, हा डाव आहे. ताईंना हे सांगितलं की त्या घरी जाऊन पाया पडतील, कबूल करतील, आणि मग ट्रंक. मी माझ्या अकलेवर ठाम राहिलो. एकदा ठरवलं की मी ठरवलं, असा माझा स्वभाव. लोक त्याला हट्ट म्हणतात.

ताई पुढे सहा वर्षं बोलल्या. नारायण नाव त्यानंतर कितीदा तरी आलं, त्यांनी ते वाचलं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या कपाळावर घाम यायचा. सहा वर्षं बोचकं, मागचं दार, बायने शिवलेले परकर. सहा वर्षं शनिवारी त्यांना जेवण जायचं नाही, हे मला बायकडून कळायचं. दादासाहेबांनी घरी एक शब्द काढला नाही. पण रविवारी चारला ते ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, तिथून भोंगा ऐकू येतो. ताई मला सांगायच्या, "आजही बसले होते. संशय गेलेला नाही." मला तेव्हा कळायला लागलं होतं की ते कशासाठी बसतात... पण मग इतकी वर्षं का नाही सांगितलं, असं त्या विचारतील. जितका उशीर, तितकं तोंड बंद.

दादासाहेब छातीच्या दुखण्याने गेले. तेराव्यानंतर ताई बागेत आल्या, पुढच्या फाटकाने. पहिल्यांदाच पुढच्या फाटकाने. मला वाटलं, आता मोकळ्या झाल्या. त्या म्हणाल्या, "नामदेवभाऊ, मी आता बोलणार नाही. मी त्यांचं नाव घेत राहिले. दर रविवारी घेत राहिले. माझ्यामुळे तर नाही ना झालं?" तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाव घेतल्याने माणूस मरत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलंय, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काहीतरी काय बोलता ताई!" आणि मशीनवर फडकं टाकलं. नंतर त्या यजमानांबरोबर अमरावतीला गेल्या, शिकल्या, शाळेत लागल्या. मागच्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेलो, सांगायचंच ठरवून गेलो. त्यांनी पोहे केले. नातीने हाक मारली, "आजी, आजोबांचं नाव काय होतं गं, माझ्या वहीत लिहायचंय." त्या म्हणाल्या, "बाबांना विचार." पंचाहत्तरी उलटलेली बाई... मी पोहे खाल्ले आणि एसटीने परत आलो.

मी आयुष्यात खोटं फार बोललो नाही. गर्वाने सांगतो. जे बोललो ते एकच पुरलं. दादासाहेब बागेत आले त्या रविवारनंतरचा सोमवार. सकाळी सात वाजता ताई बायच्या दारात आल्या, हातात रिकामी पिशवी. मी जिनात निघायच्या आधी भाकरी खात होतो. त्यांनी उंबऱ्याच्या बाहेरूनच विचारलं, "सासरे रात्री जेवले, पान खाल्लं, झोपले. घरात काही बोलले नाहीत. तुमच्या कानात काय म्हणाले ते?"

मी घास गिळला. म्हणालो, "काही नाही ताई. गानं कोनाचं हाये, एवढंच इचारलं."

"नक्की?"

"नक्की."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. बायने पाणी दिलं, ते त्या दोन्ही हातांनी तांब्या धरून प्यायल्या. मी हात धुतला, डबा घेतला, त्यांच्या बाजूने वाट काढून बाहेर पडलो आणि जिनात कामाला गेलो.